भाऊजींची दुरुस्ती

थंड देशात बारा वर्षं काढून मी मे महिन्यात नागपूरला ताईकडे आलो. पहिल्याच दुपारी, गारवा वाया जाऊ नये म्हणून खोलीची दारं-खिडक्या घट्ट लावून कूलरसमोर आडवा झालो. तासाभरात खोलीचं इडलीपात्र झालं. "गवत सडलं वाटते," म्हणत भाऊजींनी कूलर खोलला. ते घामाघूम होऊन कूलरच्या बाजूच्या जाळ्यांत पाणी धरणारं नवं गवत भरत होते, तेव्हा मला आठवलं, खिडकी उघडी नसली तर कूलर नुसता दमटपणा करतो. मी ती हळूच उघडली. कूलर सुरू होताच खोली गार झाली. "पाहा, याले म्हणतात दुरुस्ती!" भाऊजी म्हणाले. मी जोरात मान डोलावली.

ताईनं ताकाचा पेला देत कानाशी म्हटलं, "खिडकी उघडीच राहू दे गा, नाही तं हे उद्या पुन्हा कूलर खोलतील."