अहिरे मॅडमच्या वर्गातले खिसे

अहिरे मॅडम वर्गात शिरल्या की आधी फळ्याकडे जात नसत, दारामागच्या भिंतीकडे जात. जुन्या जीन्सचे खिसे कापून त्यांनी ते एका जाड चादरीवर शिवले होते आणि ती चादर तिथे टांगली होती. पहिल्या खिशात त्या स्वतःचा फोन ठेवत, वरून हलकेच थोपटत आणि मुलांकडे वळून आपल्या अहिराणीत म्हणत, ‘‘मना फोन निजना. आते तुम्ही जागा व्हा.’’

मग अकरावीची ती मुलं, ज्यांच्या हातून फोन सुटता सुटत नाही, एकेक करून उठत आणि आपापला फोन आपापल्या खिशात ठेवून येत. ना आरडाओरडा, ना धमकी. मी शेजारच्याच तुकडीची वर्गशिक्षिका. मधल्या भिंतीतून मला त्यांच्या वर्गातली शांतता ऐकू यायची, आणि खरं सांगायचं तर ती मला माझ्या वर्गातल्या गोंगाटापेक्षा जास्त टोचायची.

माझी पद्धत स्टीलच्या डब्याची होती. तास सुरू होताना डबा फिरवायचा, फोन गोळा करायचे, झाकण लावायचं. एका पालकांनी स्क्रीनवर ओरखडा पडल्याची तक्रार केली. पुढे कळलं की अर्धी मुलं घरातला बंद पडलेला जुना फोन डब्यात टाकतात आणि खरा दप्तरात ठेवतात. मी अहिरे मॅडमना विचारलं, तुमच्याकडे असं नाही होत? म्हणाल्या, झालं होतं की. एकाने असाच मेलेला फोन खिशात ठेवला, तेव्हा त्यांनी तो काळजीने उचलला, बिचाऱ्याला बरं नाही म्हणाल्या आणि सगळ्यांदेखत चार्जिंगला लावून ठेवला. वर्ग पोट धरून हसला. हसता हसता त्या मुलानेच दप्तरातून खरा फोन काढून दिला.

हे मला सुचलं नसतं. आणि सुचलं असतं तरी माझ्या तोंडून ते टोमण्यासारखं निघालं असतं, हेही मला ठाऊक होतं.

त्या मूळच्या सटाण्याच्या, विषय भूगोल. नाशकात बरीच वर्षं काढूनही रंगात आल्या की अहिराणीच बोलायच्या. वर्गातल्या कपाटाला त्यांनी कधी कुलूप लावलं नाही. फरसाणाच्या रिकाम्या डब्यांत पेन, पट्ट्या, आलेखाचे कागद, खोडरबर, मुलींना लागणारे पॅडसुद्धा. ज्याला हवं त्याने न विचारता घ्यावं, जमेल तेव्हा आणून ठेवावं. माझ्या कपाटाला कुलूप होतं आणि तरी माझे खडू संपायचे. त्यांचे डबे कधी रिकामे झालेले मी पाहिले नाहीत. याचं गुपित विचारलं की त्या म्हणायच्या, ‘‘वस्तूले घर पाहिजे. नहीतं ती आपला डोकामा राहस.’’ माझ्या डोक्यात त्या वेळी काय काय राहायला आलं होतं, ते मी त्यांना सांगितलं नाही.

एका बैठकीत प्राचार्यांनी सुचवलं, की सर्वांनी अहिरे मॅडमचा वर्ग बघून यावा. मी बघायला गेले नाही. घरी जाऊन ऑनलाइन पारदर्शक प्लॅस्टिकच्या कप्प्यांचा पडदा मागवला, त्यांच्या चादरीपेक्षा मोठा आणि चकचकीत. पावसाळा संपेपर्यंत त्याचे निम्मे कप्पे उसवले. अहिरे मॅडमनी तो पहिल्या दिवशी पाहिला होता आणि म्हणाल्या होत्या, ‘‘तुमचा किती छान दिसतो हो, पाटणकर मॅडम.’’ त्या हे मनापासून म्हणाल्या, म्हणून तर मला जास्त राग आला.

इथपर्यंत ठीक होतं. दोन शिक्षिकांमधली चढाओढ कुठल्या शाळेत नसते? पण त्या वर्षी माझी मुलगी ऋचा अकरावीत आली आणि नेमकी त्यांच्या तुकडीत गेली.

घरी ऋचाचा फोन उशीखाली झोपायचा. जेवताना बाजूला ठेव म्हटलं तरी तिचं तोंड फुगायचं. आणि एके सकाळी वऱ्हांड्यातून जाताना मी पाहिलं, तीच ऋचा त्या भिंतीशी उभी राहून फोन खिशात ठेवते आहे आणि मॅडमसारखंच त्याला थोपटते आहे. घरात ‘अहिरे मॅडम म्हणतात’ हे वाक्य सुरू झालं. मी भाजी वाढायची आणि ऐकायची.

न राहवून एकदा मी त्यांना विचारलंच, की ती तुमचं कसं ऐकते. त्या साधेपणाने म्हणाल्या, की त्या फोन मागतच नाहीत, फक्त स्वतःचा ठेवतात. मी दोन दिवस घरी माझा फोन फडताळावर ठेवून पाहिला. ऋचाने विचारलं, आई, तुझा फोन बिघडला का?

दिवाळीनंतरची गोष्ट. शाळा सुटली, मुलं फोन घेऊन गेली आणि एका खिशात एक फोन तसाच राहिला. ऋचाचा. अहिरे मॅडमनी तिला फाटकापाशी गाठलं तेव्हा ती म्हणाली, राहू द्या मॅडम तिथेच, मला नकोय. दुसरं कुणी असतं तर फोन तिच्या हातात कोंबून मोकळं झालं असतं. त्यांनी तिला वर्गात परत नेलं, बाकावर बसवलं आणि शेजारी बसून राहिल्या.

थोड्या वेळाने त्या शिक्षक-खोलीत माझ्याकडे आल्या. ‘‘पाटणकर मॅडम, जरा चला. ऋचाला तुम्हाला काही सांगायचंय. ती सांगेल, मी नुसती बसते.’’

ट्यूशनमधल्या एका मुलाने तिच्या फोटोत फेरफार करून भलताच फोटो बनवला होता, आणि तो सगळ्यांना पाठवीन म्हणून आठवडाभर तिला धमकावत होता. ऋचा माझ्याकडे बघून बोलत होती, पण तिने हात अहिरे मॅडमचा धरला होता. भीती मला वाटली, संतापही आला. पण त्या दोन्हींच्या आधी माझ्या डोळ्यांना तो हात दिसला, हे मी नाकारणार नाही.

पोलिसांकडे जायला त्या आमच्याबरोबर आल्या. मुलाच्या आईवडिलांना बोलावून घेतलं गेलं, त्याचा फोन जमा झाला, तो फोटो कुठेही पोचला नव्हता. परतताना ऋचा रिक्षात बसली आणि आम्ही दोघी क्षणभर बाहेर राहिलो, तेव्हा मी विचारलं, ‘‘मी एका भिंतीपलीकडे होते. ती माझ्याकडे का नाही आली?’’

त्यांनी रिक्षातल्या ऋचाकडे एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, ‘‘तुमच्यासमोर रडली असती, तर तुम्हीपण रडला असतात. मग तिलाच तुम्हाला सांभाळावं लागलं असतं. माझ्यापुढं तिला नुसतं रडता आलं.’’

मी घरी येऊन खूप रडले. ऋचाने मला पाणी आणून दिलं.

पुढच्या उन्हाळ्यात सासूबाईंचं दुखणं वाढलं म्हणून अहिरे मॅडम संस्थेच्या सटाण्याच्या शाळेत बदली मागून गेल्या. निरोपाच्या दिवशी ऋचा त्यांच्या गळ्यात पडून किती वेळ रडत होती, आणि मी त्यांची पर्स धरून उभी होते.

आता ऋचा पुण्याला शिकते. सुट्टीत घरी आली की रविवारी दुपारी त्यांचा फोन येतो आणि बोलणं तासभर तरी चालतं. तेही अहिराणीत. माझ्या पोटची, नाशकात गंगापूर रोडवर वाढलेली मुलगी ‘काय करी राहिन्यात मॅडम’ म्हणून सुरुवात करते आणि मी पलीकडच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत निम्मंअर्धं समजून घेते. मध्येच दोघी हसतात. ते हसणं मात्र मला पूर्ण कळतं आणि अजून टोचतं.

मागच्या खेपेला मी विचारलं, एवढं काय बोलता गं? म्हणाली, ‘‘आज तर तुझंच चाललं होतं.’’ माझं काय, विचारलं, तर म्हणे, ते मॅडमनाच विचार.

मी अजून विचारलेलं नाही. त्यासाठी त्यांना फोन करावा लागेल, आणि एकदा केला की मीही तासभर बोलत बसेन, हे मला पक्कं माहीत आहे.