डिकम्पोज सर

आमचे इंग्रजीचे सर वर्गात आले की आधी खुर्चीत बसायचे, चपला काढायचे आणि म्हणायचे, "दमलो बाबा. पण चला." देवगाव फाट्यावर एसटीची वाट बघण्यातच त्यांचं निम्मं आयुष्य गेलं असावं.

क्रियापद त्यांनी कधी पाठ करून घेतलं नाही. "क्रियापद म्हंजे करायची गोष्ट," म्हणत आम्हाला ढकलायला, ओढायला, सांडायला लावायचे. डिकम्पोज हा शब्द आला तेव्हा गाइडात अर्थ होता, विघटन होणे. "आता विघटन म्हंजे काय ते सांगा," सर म्हणाले. आम्ही पुन्हा गाइडातच बघितलं. मग शाळेमागे खड्डा खणला. त्यात लिंबाचा पाला, शेण, केळीची सालं आणि वर माती. आम्ही रोज मधल्या सुट्टीत काडीनं उकरून बघायचो. सर वैतागले. "रोज उकरल्यावर ते कुजंल कवा? जरा पडू द्या की त्याला."

आमच्या वालूर गावानं त्यांचं नावच डिकम्पोज सर ठेवलं. त्यांना ते ठाऊक होतं. "अख्ख्या गावाला एक शब्द आला, लय झालं," म्हणायचे.

दहावीत माझं इंग्रजी राहिलं. अप्पांनी लगेच स्थळ बघायला घेतलं. हे कळल्यावर सर आमच्या घरी आले. सर बौद्ध. आमच्याकडे पडवीच्या कोनाड्यात त्यांच्या लोकांसाठी वेगळा कप असायचा, आईनं त्यातच चहा दिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सरांनी कपाकडे एकदा बघितलं आणि सावकाश चहा प्यायले.

"तिला येत न्हाई ते इंग्रजी. कशाला उगं दिवस घालवायचे?" अप्पा म्हणाले.

"तिला कळायलंय. लिहायला वेळ लागायलाय. एक वर्ष द्या, मी शिकवतो."

सर उठले. आईनं वरून पाणी धरलं, सरांनी कप विसळला, कोनाड्यात पालथा घातला आणि ओल्या हातानंच अप्पांना म्हणाले, "एकच वर्ष द्या."

अप्पा खाली बघून म्हणाले, "बरं."

वर्षभर शाळा सुटल्यावर सर माझ्यासाठी थांबले. कितीदा त्यांची गाडी चुकली असेल. आता मी जिंतूरला इंग्रजी शिकवते. शेवटच्या तासाला अंगात त्राण उरत नाही, कुणी शंका विचारली तरी राग येतो. तो माणूस रोज कुठून आणत होता बळ, मला अजून कळलेलं नाही.

त्या वर्षी मी पास झाले. निकाल सांगायला अप्पा स्वतः शाळेत गेले आणि म्हणाले, "सर, घरी चला. जेवूनच जा."

"येतो की," सर हसून म्हणाले.

गेल्या हिवाळ्यात सर गेले. आमच्या घरी मात्र ते पुन्हा कधीच आले नव्हते.