कोंबड्याचा लाल तुरा

आज सकाळी अंगणातल्या दोरीवर कापडी पिशव्या वाळत होत्या. अंडीवाल्याची ऑर्डर. प्रत्येकीवर एक कोंबडा: अंग पिवळं, शेपूट हिरवं, तुरा लाल. वारा आला की सगळे एकदम डुलायचे, आणि मी चहाचा कप हातात धरून नुसती बघत उभी होते.

इतकी वर्षं आमच्या मागच्या खोलीतल्या स्क्रीन प्रिंटिंगला एकच फ्रेम होती, म्हणून कोंबडेही एकरंगी, बहुतेक निळे. गेल्या महिन्यात गल्लीतल्या वेल्डरकडून तीन-चार फ्रेम अडकवता येतील असं फिरतं स्टँड करून घेतलं. आता प्रत्येक रंगाला वेगळी फ्रेम. पिवळा छापताना तुऱ्याची जागा कोरी सोडायची, मग लाल फ्रेम फिरवून नेमकी तिथेच टेकवायची. पिवळ्यानं लालासाठी जागा राखायची आणि लालानं तेवढ्यातच बसायचं. मला आणि सासूबाईंना एका स्वयंपाकघरात हे जमायला बरीच वर्षं लागली.

पहिल्या दिवशी इथेही कुठे जमलं होतं! तुरा डोक्यावरून घसरून थेट पाठीवर बसला. मी ती पिशवी फरशी पुसायला काढली, तर सासूबाईंनी हातातून ओढूनच घेतली.

"पुसायला कशाला? तीन रंग आहेत तिच्यावर!"

दोरीवरचे कोंबडे आता कसे ऐटीत तुरा मिरवतायत. तरी आत्ता सासूबाई मंडईला निघाल्या त्या तीच पहिली पिशवी घेऊन, कोंबडा लोकांना दिसेल असा बाहेरच्या बाजूला ठेवून.