आमच्या पिशवीच्या मागावर, वाघोलीपर्यंत

मंगळवारी सकाळी मोबाइलवर निरोप आला : ‘अभिनंदन! आपल्या इमारतीची पिशवी वाघोली केंद्रात पोहोचली असून तिच्यातल्या प्लास्टिकचे दाणे तयार झाले आहेत.’ मी जिन्याखाली जाऊन पाहिलं. पिशवी जागेवर होती. न्यायला गाडी आलीच नव्हती.

आमच्या नारायण पेठेतल्या इमारतीचं प्लास्टिक एक कंपनी नेते. पिशवीवर चौकोनी कोड असतो, तो जागोजागी स्कॅन होतो, आणि दुधाच्या पिशवीची बादली होईपर्यंतचा प्रवास म्हणे आपल्याला घरबसल्या दिसतो. माझी नोकरी तपासनिसाची होती. ‘म्हणे’ आलं की माझे कान टवकारतात. इथे पाणी मुरत होतं हे नक्की. छत्री, पाण्याची बाटली आणि त्या निरोपाची छापील प्रत (मोबाइलवर कोण विश्वास ठेवतो?) घेऊन मी निघालो.

मनपाच्या थांब्यावरून वाघोलीची बस मिळाली. नगर रस्त्यावर बस चालते कमी, उभी जास्त राहते. तेवढ्या वेळात मी अ‍ॅपवरच तक्रार केली. ‘खोटी नोंद’ या रकान्यावर बोट दाबलं, जिन्याखालच्या पिशवीचा फोटो जोडला, आणि मला फार बरं वाटलं.

उतरल्यावर नकाशाने मला एका मंगल कार्यालयाच्या मागच्या भिंतीसमोर उभं केलं आणि ‘आपण पोहोचलात’ असं जाहीर केलं. शेजारी तर्री पोह्यांची (वर लाल झणझणीत रस्सा ओतलेल्या पोह्यांची) गाडी होती. गाडीवाला वर्ध्याचा.

“प्लास्टिकवाले? मागच्या गल्लीत आहे ना जी. पण पोहे खाऊन जा.”

तर्रीने डोळ्यांतून पाणी काढलं. पोहे मात्र चोख होते, तिथे शंकेला जागा नव्हती.

केंद्र म्हणजे एक पत्र्याची शेड. चाळिशीतल्या शालनताई ढिगासमोर बसून काम करत होत्या. एकेक पिशवी हातात चुरगाळायची, आवाज ऐकायचा आणि त्यावरून प्लास्टिकची जात ओळखून त्या-त्या ढिगात टाकायची. मी मुद्दाम दोन फसव्या दिसणाऱ्या पिशव्या पुढे केल्या. त्यांनी न बघताच बरोबर टाकल्या.

दाराशी एक पुठ्ठा टांगलेला होता. त्यावर सगळ्या इमारतींचे कोड ओळीने चिकटवलेले. आमचाही होता, मी त्यावर बोट ठेवलं.

“हे काय?”

“पिशवीवरचं कोड भिजत्यात, फाटत्यात. म्हणून दुसरी प्रत हितं लावलीय. सकाळी रेंज असती, तवा सगळी स्कॅन करून टाकायची.”

“गाडी आली नाही तरी?”

“वरून फोन येतो, नऊच्या आत नोंद पायजे म्हणून. गाडी काय माझ्या हातात हाय का?”

“म्हणजे खोटंच की हो.”

“खोटंच,” त्या सरळ म्हणाल्या. “पण पिशवी आली की मी खरंच निवडते. तुमच्या हितलं कुणीतरी दुधाच्या पिशवीचा कोपरा पार कापून टाकतंय बघा. त्यांना सांगा, लटकता ठेवा. एवढुसा तुकडा हाताला लागत न्हाय, मातीत जातोय.”

तो कुणीतरी मीच.

“आणि काका, तक्रार तेवढी करू नका. स्कॅन माझ्या नावानं होतंय. फोन करणाऱ्याचं नाव कुठंच येत न्हाय. दोन पोरी शिकत्यात माझ्या ह्या कामावर.”

मी घाईघाईने मोबाइल काढला. बरीच बटणं दाबून पाहिली. तक्रार मागे घ्यायची सोयच नव्हती.

“मी केली हो ती,” मी म्हणालो. “येताना, बसमध्येच.”

“मला इचारायच्या आधीच?” एवढंच म्हणून त्यांनी पुढची पिशवी उचलली.

परतीची बस मनपाला पोहोचायच्या आत निरोप आला : ‘आपल्या तक्रारीची दखल घेतली. संबंधित कर्मचाऱ्यास कामावरून कमी केले आहे. कृपया आमच्या सेवेला तारे द्या.’ मी कंपनीला फोन लावला. यंत्राने मराठीसाठी एक दाबायला सांगितलं, मग दोन, मग पुन्हा एक. माणूस काही मिळाला नाही.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणाचं तरी खोटं पकडायचं म्हणून मी एवढा वाघोलीपर्यंत गेलो होतो. तिथे ज्यांनी मला सगळं खरं सांगितलं, त्यांचीच नोकरी घालवून मी घरी आलो.