वाळवीसरांचं नववं पान

संस्थेत सगळे त्यांना वाळवीसर म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. उभी हयात वाळवीच्या अभ्यासात घालवलेल्या माणसाला याहून बरं नाव मिळण्याची शक्यता नव्हती आणि सरांनाही त्यात काही वावगं वाटत नसे. फोन उचलून "वाळवी बोलतोय" असं म्हणायचं आणि समोरचा क्षणभर गप्प झाला की खूश व्हायचं, हा त्यांचा जुना छंद होता.

त्यांची प्रयोगशाळा तळघरात. लोखंडी मांडण्या, मांडण्यांचे पाय तेलाच्या वाट्यांत बुडवलेले, आणि वर काचेच्या पेट्यांमध्ये वाळवीची अख्खी खानदानं. कुणी पळून जाऊ नये म्हणून ते तेल. पण वरच्या मजल्यांवरच्या मंडळींचा त्या तेलावर काडीचा विश्वास नव्हता. हिशेब विभागातल्या बाई अधूनमधून आपलं लाकडी कपाट बोटांनी ठोकून आत पोकळ तर झालं नाही ना, ते बघत. सरांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले की बाईंची पद्धत शास्त्रशुद्ध आहे, वाळवीसुद्धा जवळपास हेच करते.

आणि ते खरंही होतं. वाळवी लाकूड कुरतडते तेव्हा त्यात बारीक थरथर उठते, आणि त्या थरथरीवरून लाकूड केवढं आहे, खाण्याजोगं आहे का, याचा अंदाज ती बांधते. सर आणि त्यांची सहायिका लाकडाला नाजूक मायक्रोफोन चिकटवून दिवसच्या दिवस हे ऐकत बसत. लोकांना वाटे, वाळवीसर म्हणजे वाळवी मारण्याचं औषध शोधणारे. ते तिचं ऐकून घेतात हे कळलं की लोक जरा सरकून बसत.

आता ऐकून घेण्याचे पैसे कोण देणार? जुनं अनुदान संपत आलं होतं. सहायिकेची नेमणूक त्याच अनुदानातली, आणि रंग बनवणाऱ्या एका कंपनीनं तिला बोलावणं धाडलं होतं. तळघरावर संचालकांचा डोळा होता. तिथं त्यांना कर्मचाऱ्यांसाठी व्यायामशाळा काढायची होती. वाळवी काय, कुठेही राहील, तिला खोली कशाला हवी, असं ते म्हणाले. तेच तर म्हणतोय, सर म्हणाले, खोली नाही दिली तर ती कुठेही राहील. संचालक हसले, पण पुढच्या फेरीत अनुदान आलं नाही तर खोली रिकामी करायची, हेही त्याच हसण्यात सांगून मोकळे झाले.

अनुदान येत का नव्हतं, हे सरांना चांगलं माहीत होतं, असं त्यांचं मत होतं. दोष दुसऱ्या परीक्षकाचा. अनुदान मंडळ प्रत्येक प्रस्ताव दोघा निनावी परीक्षकांना दाखवतं. पहिला परीक्षक नेहमी सभ्य निघे. दुसरा दर वेळी एकच वाक्य लिही: "संशोधनाचा हेतू स्पष्ट होत नाही." सरांनी या माणसाला कधी पाहिलं नव्हतं, पण मनात त्याची पूर्ण ओळख करून घेतली होती. तो टकला होता, त्याला पित्ताचा त्रास होता आणि घरात त्याचं कुणी ऐकत नव्हतं.

सरांची बायको भूलतज्ज्ञ. तिनं त्यांचा प्रस्ताव एकदा वाचायला घेतला होता. वाळवीची कोट्यवधी वर्षांची वाटचाल, मग तिच्या जाती, मग पूर्वसूरींचं ऋण असं करत ती पाचव्या पानापर्यंत पोचली आणि तिनं चष्मा काढून ठेवला.

"हे मला दवाखान्यात नेऊ दे," ती म्हणाली. "औषधाचा खर्च वाचेल."

"पुढे वाच ना. नवव्या पानावर खरा प्रश्न आहे."

"मग तो पहिल्या पानावर का नाही?"

वाचणाऱ्याची उत्कंठा वाढवत न्यायची असते, असं सरांनी तिला समजावलं. त्यावर तिनं, टेबलावरचा पेशंट उत्कंठेनं मरेल, एवढंच म्हटलं आणि ती कामावर गेली.

अशात अनुदान मंडळाचं पत्र आलं. या फेरीत आपण परीक्षक म्हणून यावं, अशी विनंती होती. सरांचा स्वतःचा अर्ज त्यापुढच्या फेरीत जायचा होता, त्यामुळे नियमाची आडकाठी नव्हती. आपण परीक्षक कसा असावा हे जगाला दाखवून द्यायचं, असं ठरवून सरांनी प्रस्तावांचा गठ्ठा जेवणाच्या टेबलावर मांडला. प्रत्येक प्रस्ताव पहिल्या अक्षरापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचायचा. पेन्सिलीला टोक काढलं, चहा घेतला, सुरुवात झाली.

पहिला प्रस्ताव त्यांनी दोनदा वाचला. दुसरा एकदा. मग खुर्ची टोचायला लागली म्हणून मुक्काम सोफ्यावर हलला. रविवारी दुपारी बायको घरी आली तेव्हा सर आडवे होते आणि माशांच्या कानातल्या खड्यांवरचा एक प्रस्ताव त्यांच्या पोटावर श्वासाबरोबर वरखाली होत होता. माशाच्या कानात बारीक खडा असतो, झाडाच्या बुंध्यासारखी त्याच्यावर वर्षावर्षाची वर्तुळं असतात, इतपत सरांना कळलं होतं. त्याआधी सृष्टीतल्या पहिल्या माशापासूनचा इतिहास होता. भाषा फार सुंदर आहे, असं त्यांना झोप लागता लागता वाटलंही होतं. जागे झाल्यावर त्यांनी शेवटचं पान चाळलं, बरे गुण दिले आणि शेऱ्याच्या चौकटीत मनाला येईल ते लिहून टाकलं.

मंडळाच्या बैठकीची खोली लांबट होती. खिडक्यांना जाड पडदे, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली. अध्यक्षबाई निवृत्त पूल-अभियंता होत्या आणि त्यांच्यापुढे एक छोटी घंटी होती. तिथली रीत सरांना नवी होती. प्रस्ताव लिहिणारा तर खोलीत नसतोच. त्याच्या वतीनं एक सदस्य बोलतो. तो मुद्दाम शेजारच्या विषयातला निवडतात, कारण त्याच विषयातला माणूस अर्जदाराचा मित्र तरी असतो, नाहीतर वैरी. त्यानं बोलायचं, मग घंटी वाजायची. कागद कितीही जाड असो, खोलीत पोचतं ते त्या माणसाच्या तोंडून निघालेलं.

माशांचा प्रस्ताव सरांकडे होता. त्यांनी खड्याबद्दल सांगितलं, वर्तुळांबद्दल सांगितलं, भाषेचं कौतुक केलं.

"बरं," अध्यक्षबाई म्हणाल्या, "पण यांना शोधायचंय काय?"

सरांनी पानं उलटली. मासे, ते म्हणाले. म्हणजे माशांचं वय. वय तर आधीच कळतं ना, समोरचा एक सदस्य म्हणाला. सरांनी आणखी पानं उलटली. घंटी वाजली. अध्यक्षबाईंनी सरांच्याच शेऱ्याचा कागद उचलून वाचला, "संशोधनाचा हेतू स्पष्ट होत नाही," आणि प्रस्ताव नापासांच्या ढिगात ठेवला.

पुढची चर्चा सरांच्या कानावरून गेली. जेवणाच्या सुट्टीत सगळे उठले, पण सर ताट न घेता ढिगापाशी गेले आणि तो प्रस्ताव घेऊन खिडकीत उभे राहिले. प्रश्न होता. नवव्या पानावर होता. खड्यावरच्या वर्तुळांत, मासा लहानपणी कुठल्या पाण्यात होता, त्याच्याही खुणा राहतात. समुद्रात सापडलेला मासा कुठल्या नदीत जन्मला ते त्यावरून ओळखायचं होतं. पडद्याआडच्या काचेत सरांना आपलं प्रतिबिंब दिसलं. टक्कल नव्हतं, पित्ताचा त्रासही नव्हता. बाकी माणूस तोच.

त्या मंडळात एक चांगली प्रथा होती. दिवस संपताना प्रत्येक सदस्याला नापासांतला एक प्रस्ताव पुन्हा टेबलावर आणता येई, एकच. सरांनी आपला तो हक्क मुंग्यांवरच्या एका प्रस्तावासाठी राखून ठेवला होता. मुंग्या म्हणजे वाळवीच्या शेजारच्या, भावकीतल्या नसल्या तरी. संध्याकाळी त्यांची पाळी आली. मुंग्यांचा प्रस्ताव त्यांच्या हाताशीच होता. त्यांनी तो खाली ठेवला.

"सकाळी चूक माझी झाली," ते म्हणाले. "मी नीट वाचलं नव्हतं. समुद्रातला मासा कुठल्या नदीत जन्मला, हे त्याच्या कानातला खडा सांगतो. म्हणजे आधी कुठली नदी वाचवायची, ते आपल्याला कळेल."

पूल बांधलेल्या अध्यक्षबाई नदीचं नाव निघताच पुढे सरसावून बसल्या. एवढंच ना, त्या म्हणाल्या, मग सकाळी का नाही सांगितलंत? हात वर झाले आणि माशांचा प्रस्ताव पास झाला. मुंग्यांचा राहिला, याची हळहळ सरांना गाडीत बसेपर्यंत होती.

घरी आल्यावर त्यांनी स्वतःचा प्रस्ताव काढला आणि पहिल्या आठ पानांकडे बघितलं. एकेक ओळ पोटच्या पोरासारखी. कोट्यवधी वर्षं एका परिच्छेदात बसवताना त्यांनी दोनदा चहा मागितला आणि दोन्ही वेळा त्यांना स्वतःच करून घ्यावा लागला. मग वर नवी पहिली ओळ लिहिली आणि कागद बायकोपुढे धरला. ओळ अशी होती: वाळवी लाकडाची थरथर ऐकून काय खायचं ते ठरवते, ती नेमकं काय ऐकते ते कळलं, तर विष न घालता तिला घरांपासून दूर वळवता येईल.

बायकोनं वाचलं. पान उलटलं. आणखी एक उलटलं.

"मग वळते का?" तिनं विचारलं.

"तेच तर बघायचंय."

"अरे, मग बघ की," ती म्हणाली आणि पुढे वाचत राहिली. लग्नानंतर इतक्या वर्षांनी तिनं वाळवीबद्दल विचारलेला हा पहिलाच प्रश्न होता.

निकाल आला तेव्हा सर वरच्या मजल्यावर होते. तीन वर्षांचं मागितलं होतं, दोन वर्षांचं मिळालं. दुसऱ्या परीक्षकानं आकृत्या फार लहान आहेत असं लिहिलं होतं, आणि त्या खरंच लहान होत्या. संचालकांनी अभिनंदन केलं आणि व्यायामाची यंत्रं गच्चीवर चालतील का, असं कुणाला तरी फोनवर विचारायला लागले.

सर जिन्यानं खाली आले. सहायिका कानांना हेडफोन लावून बसली होती. दार उघडताच तिनं मागे न बघता हात वर केला, थांबा म्हणून. सर दाराशी उभे राहिले. संस्थेत आज पहिल्यांदाच त्यांच्यापाशी सांगण्यासारखं काही होतं आणि नेमकं बोलता येत नव्हतं. शेवटी तिनं हेडफोन काढले आणि वळून त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं.

"किती?" तिनं विचारलं.

"दोन वर्षं."

तिनं पेट्यांवरून नजर फिरवली. "पुरतील," ती म्हणाली. "मी जरा वर जाऊन रंगवाल्यांना फोन करून येते, इथे रेंज नाही. तोवर तुम्ही ऐका. कोपऱ्यातल्या पेटीत आज नवं लाकूड घातलंय, हेडफोन काढू नका."

सर तिच्या खुर्चीत बसले. आधी नुसती शांतता होती, मग खूप आत कुठेतरी बारीक टकटक सुरू झाली, थांबली, पुन्हा सुरू झाली. सहायिका परत आली, शेजारी उभी राहिली, खाकरली. सरांनी मागे न बघता हात वर केला.