एका घरातली दोन नाकं

माझं आणि दादाचं डोकं एकाच जागी दुखायचं, डाव्या भुवईच्या वर. नव्वदच्या दशकाच्या मध्याची गोष्ट. आम्ही कोपरखैरण्याला एकत्र राहत होतो. दादा तुर्भ्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात सुपरवायझर, मी वाशीला शाळेत शिक्षक. सकाळी सुरू झालेलं दुखणं दुपारपर्यंत टिकायचं. वहिनीचं डोकं कधी दुखत नसे, त्यामुळे या विषयात तिच्या मताला आम्ही किंमत देत नव्हतो. वडिलांचंही असंच दुखायचं. म्हणजे हे घराण्याचं दुखणं, असं आम्ही जरा अभिमानाने सांगायचो.

शेवटी वहिनीनेच आम्हाला कान-नाक-घशाच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी दिवा लावून दोघांच्या नाकात पाहिलं. दोघांचंही आतलं हाड डावीकडे वाकलेलं होतं. दादाने लगेच ऑपरेशनची तारीख विचारली.

"वाकडं हाड पुष्कळांचं असतं," बाई म्हणाल्या. "सगळ्यांचं डोकं दुखत नाही. आधी औषध घ्या."

तीन महिने आम्ही नाकात फवारा मारला, वाफ घेतली, मिठाच्या पाण्याने नाक धुतलं. सकाळी बेसिनशी दोघे ओळीने वाकलेले, आणि मागे ब्रश घेऊन वहिनी. माझं दुखणं थोडं कमी झालं. दादाचं जराही नाही.

मग बाईंनी डोकं दुखत असतानाच यायला सांगितलं. एका शनिवारी दोघांचंही दुखत होतं, तसेच गेलो. बधिर करणाऱ्या औषधाचा बोळा त्यांनी दोघांच्या नाकात खोल ठेवला. दहा मिनिटांनी दादाने मान हलवून पाहिली, पुन्हा हलवून पाहिली. दुखणं थांबलं होतं. माझं नाक बधिर झालं, पण डोकं तसंच.

बाईंनी समजावलं. दादाच्या हाडाचं टोक नाकाच्या आतल्या भिंतीला टोचत होतं, म्हणून ती जागा बधिर होताच दुखणं थांबलं; ते टोक काढावं लागेल. माझ्या नाकात नुसती सूज होती, बहुधा खडूच्या धुळीने. तिथे कापून उपयोग नाही, फवारा चालू ठेवायचा आणि फळा ओल्या फडक्याने पुसायचा.

बाहेर आल्यावर दादाने हळूच विचारलं, "खरंच थांबलं नाही? की घाबरलास?"

खरंच थांबलं नव्हतं. पण हायसं वाटलं होतं, तेही खरं.

ऑपरेशननंतर दोन दिवस त्याचं नाक बोळ्यांनी बंद होतं. ते काढून आम्ही घरी आलो तेव्हा तो गॅलरीत उभा राहिला आणि म्हणाला, "हा वास कसला?"

"कंपन्यांचा," वहिनी म्हणाली. "आपण इथे आल्यापासून येतोय."

त्याने आत येऊन गॅलरीचं दार लावून घेतलं. आपण नोकरी कुठे करतो याचा त्याला बहुतेक त्या दिवशी पत्ता लागला.

महिन्याभरात त्याचं डोकं दुखायचं थांबलं. माझं आठवड्यातून एकदा दुखतच होतं. तशा सकाळी दादा माझ्यासमोर चहाला बसला की कपाळ धरायचा. वहिनीने एकदा विचारलं, तर म्हणाला, थोडं दुखतंय. तिने मला नंतर सांगितलं की तो खोटं बोलतोय, माझ्यासमोर एकटं बरं होणं त्याला जमत नाहीये. मला ते आवडत होतं.

मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली आणि पंधरा दिवस माझं डोकं एकदाही दुखलं नाही. मी ते दादाला चहाच्या वेळी सांगितलं. तो बरं म्हणाला आणि कपाळाला हात न लावता पेपर वाचू लागला.