सासुरवाडीला नकाशा आणायला

नाशिकहून निघताना बायकोने बजावलं, "बाबांची ट्रंक तळापर्यंत बघा. नकाशा घेतल्याशिवाय परत यायचं नाही." ज्या माणसाला स्वतःच्या घरात नेलकटर सापडत नाही, त्याच्यावर ही कामगिरी.

प्रशांत माझा धाकटा मेहुणा. नागपूरपलीकडच्या एका कोळसाखाणीत जमिनीखाली काम करतो. त्यांचा बोगदा सध्या शेजारच्या बंद खाणीकडे सरकतो आहे आणि ती खाण पाण्याने भरलेली आहे; मधली भिंत फुटली तर ते सगळं पाणी यांच्या अंगावर. ऑफिसातल्या नकाशाप्रमाणे ती अजून लांब आहे. माझे सासरे त्या जुन्या खाणीत मोजणीची साखळी धरायचे. ते म्हणतात, लांब नाही, आणि खरा नकाशा माझ्या ट्रंकेत आहे.

नागपुरात बस धरली आणि मोबाइलमधल्या नकाशावर भरवसा ठेवून कोराडीलाच उतरलो. समोर वीजकेंद्राच्या चिमण्या, कोळशाचे ट्रक, राख. चहावाला म्हणाला, "इथं काहून (का) उतरले भाऊ? खाणीची कॉलनी त लय पुढं हाये." नकाशा आणायला निघालेला मी, पुढची बस येईपर्यंत राखेने करडा झालो.

सासूबाईंनी पाटवडीचा रस्सा वाढला. पहिल्या घासालाच माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी. "जवाईबापू, पोरीनं सवय नाई लावली वाट्टे," त्या म्हणाल्या. सासऱ्यांचं ताट तसंच होतं.

"मोठ्या ऑफिसात नकाशा गेला, त्याच्यानंतरबी आमी सहा महिने कोळसा काढला," ते म्हणाले. "रेघ थांबली, आमी नाई थांबलो. ते सारं शेवटच्या कापडावर होतं. खाण बंद झाली तवा रद्दीत फेकून राहिले होते, मी घरी आणलं."

तेव्हा नकाशे खळ दिलेल्या तलम कापडावर काढत. सासरे, प्रशांत आणि मी, तिघांनी ट्रंक तळापर्यंत उपसली. कापड नव्हतं.

"इथं ठेवलं होतं वं," सासरे म्हणाले.

सासूबाईंना आठवायला वेळ लागला नाही. "धुतलं ना ते. गरम पाण्यात टाकलं का खळ निंघते, मलमलीवानी होते. कॉलनीत साऱ्याच करत. प्रशांतले झबले शिवले त्याचे."

त्यांनी कपाटातून एक झबलं काढलं. जपून ठेवलेलं, पांढरंशुभ्र.

"म्हंजे नकाशा मीच घालून फिरलो," प्रशांत हसला. सासूबाई उठून आत गेल्या.

दुपारी सासऱ्यांना घेऊन प्रशांतच्या खाणीच्या ऑफिसात गेलो. मोजणीचा साहेब तरुण होता, भला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. "बाबा, मी तुमचं मानतो. पण वर काय पाठवू? आठवणीवर काम थांबत नाही. काहीतरी कागद आणा."

सासऱ्यांनी खिशातून झबलं काढून टेबलावर ठेवलं. साहेबाने ते उलटसुलट पाहिलं, नीट घडी घातली आणि दोन्ही हातांनी परत दिलं.

बाहेर दुसऱ्या पाळीची माणसं जमत होती. प्रशांत कमरेला बॅटरी बांधत होता. "आज नको जाऊ," मी म्हटलं.

"आज नाई गेलो त उद्या जाच लागंन, भाऊजी. आईले सांगा, तिचं काई चुकलं नाई." आणि तो रांगेत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, प्रशांत पाळी संपवून घरी झोपलेला असताना, मी परतीची गाडी धरली. बायकोचा फोन आला, "मिळाला?" मी म्हटलं, मिळाला. खोटं नव्हतं, झबलं माझ्या पिशवीत होतं, सासऱ्यांना ते घरात नको होतं. आयुष्यभर दुसऱ्यांनी दाखवलेल्या वाटेवर मी निर्धास्त चालत आलो. वाट दाखवणाऱ्यालाही ठाऊक नसेल, हे कधी मनातच आलं नाही. खिडकीच्या उजेडात मी झबलं धरलं. शिवणी उलगडून पाहिल्या, काखेतली घडीसुद्धा. एक रेघ राहिली नव्हती. सासूबाईंचं धुणं कॉलनीत नावाजलेलं.